भाषेचा मालक आणि भाड्याची पावती

चौतीस वर्षं मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. संधी, समास, प्रयोग, वृत्तं... सगळं. पण इतक्या वर्षांत एकाही मुलाने असं विचारलं नाही की, "बाई, या मराठीचा मालक कोण?" विचारलं असतं तर सगळा वर्ग हसला असता. भाषेला कुठे मालक असतो का? कर्मणी प्रयोग वापरला म्हणून कुणी बिल पाठवत नाही. शब्दकोश करणाऱ्याचा त्याच्या कोशावर हक्क असेल, पण त्यातले शब्द तुमचे-आमचे, सगळ्यांचे.

संगणकाच्या भाषांचं मात्र तसं नाही. त्यातल्या बऱ्याच भाषा कंपन्यांनी पगारी माणसं बसवून घडवल्या आहेत. भाषेबरोबर लागणारी अवजारं, तयार प्रोग्रॅमचे साठे, चालवण्याची यंत्रणा हे सगळं मिळून 'प्लॅटफॉर्म' होतो, आणि त्याला मालक असतो. त्या प्लॅटफॉर्मवर हजारो लोक आपापली घरं बांधतात. पुढे मालकाचं मन बदलतं, नाहीतर मालकच बदलतो. मग काय होतं?

हा प्रश्न मला या वयात पडायचं कारण माझा भाचा. कोथरूडला त्याची पंधरा माणसांची छोटी कंपनी आहे. पतसंस्थांचे हिशेब ठेवण्याचं सॉफ्टवेअर ते करतात : ठेवी, कर्जं, पिग्मी, वसुली. सातारा-सांगलीकडच्या लहान लहान संस्था त्यांचे गिऱ्हाईक. हे सगळं त्याने एका परदेशी कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर उभं केलं होतं (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही). लहान धंद्यांना तो फुकट होता. दोन वर्षांपूर्वी ईमेल आली, की साठ दिवसांनी नव्या अटी लागू. आता प्रत्येक गिऱ्हाईक संस्थेमागे दरमहा अमुक डॉलर. इकडे पतसंस्थांशी त्याचे तीन-तीन वर्षांचे ठरलेल्या दराचे करार. त्यांच्याकडून वाढवून मागता येईना, आणि प्लॅटफॉर्म सोडावा तर सहा वर्षांचं काम पुन्हा लिहायचं. त्याने राहत्या फ्लॅटवर कर्ज काढलं. एका रविवारी जेवताना म्हणाला, "मावशी, यात बेकायदेशीर काहीच नाही गं. तोच तर त्रास आहे."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. मग मी माझ्या लेकीला पकडलं. ती १९९९ पासून जावा नावाच्या भाषेत काम करते. "आई, तुला ऐकायचंच असेल तर जावाची गोष्ट ऐक," असं म्हणून तिने जी सांगितली, आणि मग मी स्वतः महिनाभर जी वाचत बसले, ती थोडक्यात लिहिते. तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांना हे पाठ असेल. त्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

जावा ही भाषा अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. काम सुरू झालं १९९१ साली, जगापुढे आली १९९५ साली. एकदा प्रोग्रॅम लिहा आणि कुठल्याही संगणकावर चालवा, असं तिचं ब्रीद. सन ही तशी उदार कंपनी म्हणून प्रसिद्ध. नाही म्हणायला, मायक्रोसॉफ्टने जावात आपल्या सोयीचे बदल केले तेव्हा १९९७ साली सनने खटला भरला, आणि २००१ साली मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर देऊन तो मिटवला. पण सामान्य प्रोग्रॅमरला सनची भीती नव्हती. कॉलेजांतून जावा शिकवू लागले, बँका जावावर चालू लागल्या, पुण्यात गल्लोगल्ली जावाचे क्लास निघाले. माझी लेकही अशाच एका क्लासातून बाहेर पडली.

२००७ च्या नोव्हेंबरात गूगलने अँड्रॉइड जाहीर केलं, म्हणजे आज आपल्या बहुतेकांच्या हातात असलेल्या फोनची यंत्रणा. त्यासाठी गूगलने सनशी परवान्याची बोलणी केली होती, ती फिसकटली. मग गूगलने जावाचा आतला प्रोग्रॅम स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहिला, पण आज्ञांची नावं आणि त्यांची मांडणी जावातलीच ठेवली. का? तर जगभरच्या लाखो जावावाल्यांना ती नावं पाठ होती. त्यांना नवीन भाषा शिकायला न लावता फोनसाठी लिहिता यावं.

हे मला आधी कळेना. लेकीने सोपं करून सांगितलं. समज, दोन आकड्यांतला मोठा कोणता हे हवं असेल तर जावात 'मॅथ डॉट मॅक्स' अशी आज्ञा लिहितात. तो मोठा आकडा कसा शोधायचा हे आत दुसरीकडे लिहिलेलं असतं. गूगलने आतलं सगळं स्वतः लिहिलं; 'मॅथ डॉट मॅक्स' हे नाव आणि ते कुठल्या खणात ठेवायचं, एवढं उचललं. म्हणजे पाककृती स्वतःची, पण 'भरलं वांगं' हे नाव आणि वहीतलं पान तेच! अशा ओळी भरल्या सुमारे ११,५००. जावाच्या त्या ग्रंथालयात एकूण ओळी २८ लाखांच्या वर. शेकडा अर्धासुद्धा नाही.

अँड्रॉइड जाहीर झालं तेव्हा सनचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी काय करावं? आपल्या ब्लॉगवर गूगलचं जाहीर अभिनंदन केलं! आपल्यासारखेच ब्लॉग लिहिणारे गृहस्थ. तेव्हा कुणालाही वाटेल, की चला, मालकाचा आशीर्वाद मिळाला.

इथे मला आमचा वाडा आठवला. लग्नानंतर आम्ही सदाशिव पेठेत एका वाड्यात भाड्याने राहत होतो. नऊ बिऱ्हाडं. मालक देवमाणूस. भाडं द्यायला गेलं की म्हणायचे, "पावती कशाला? घरचीच माणसं तुम्ही." माझे सासरे मात्र खमके. पावती हातात पडल्याशिवाय ते मालकांचा जिना उतरायचे नाहीत. बाकीची बिऱ्हाडं त्यांना हसायची. पुढे मालक गेले, मुलांनी वाडा बिल्डरला विकला, आणि नव्या मालकाने पहिला प्रश्न विचारला, "पावत्या आहेत का?" ज्यांच्या होत्या त्यांना नव्या इमारतीत जागा मिळाली. ज्यांच्या नव्हत्या ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. जुने मालक खोटं बोलले नव्हते बरं का. ते म्हणाले ते मनापासूनच म्हणाले होते. पण ते त्यांच्याबरोबर गेलं.

सनचं तेच झालं. कंपनीची परिस्थिती खालावली आणि ओरॅकल कंपनीने ती सुमारे ७४० कोटी डॉलरला विकत घेतली. व्यवहार पुरा झाला जानेवारी २०१० मध्ये, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओरॅकलने गूगलवर खटला भरला. मागणी वाढत वाढत नऊशे कोटी डॉलरच्या आसपास पोचली.

हा खटला म्हणजे लंबकाचं घड्याळ. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी निकाल दिला, की आज्ञांची अशी नावं आणि मांडणी यांवर प्रताधिकार लागूच होत नाही. (हे न्यायाधीश स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे होते. नऊ ओळींच्या एका तुकड्यावरून वाद चालला होता तेव्हा ते म्हणाले, की असला तुकडा मी स्वतः शंभरदा लिहिलाय!) २०१४ साली वरच्या कोर्टाने तो निकाल उलटवला. २०१६ साली ज्यूरीने म्हटलं, गूगलने केला तो न्याय्य वापर. २०१८ साली वरच्या कोर्टाने तेही उलटवलं. शेवटी ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी निकालपत्रात कपाट, खण आणि त्यातून हवी ती पाककृती काढून देणारा यंत्रमानव असा दृष्टान्त दिला आहे. तो वाचून मला बरं वाटलं. म्हणजे माझं भरलं वांगं अगदीच वाया गेलं नव्हतं.

पण या खटल्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली २०१२ ची. ज्यूरीला विचारलं गेलं, की सनच्या वागण्याबोलण्यावरून 'आपल्याला परवाना लागणार नाही' असं गूगलला वाटणं साहजिक होतं का? ज्यूरी म्हणाली, हो. मग पुढचा प्रश्न : गूगल खरोखर त्यावर विसंबून वागलं हे सिद्ध झालं का? ज्यूरी म्हणाली, नाही. म्हणजे बघा, मालकाने ब्लॉगवर हार घातला, कोर्टात साक्षही दिली, आणि तरीसुद्धा ते पावतीच्या जागी चाललं नाही.

दुसरी गोष्ट २०२१ ची. सर्वोच्च न्यायालयाने असं म्हटलेलं नाही, की या नावांवर प्रताधिकार नसतो. ते म्हणाले, वादापुरतं धरून चालू की असतो, तरीही गूगलचा वापर न्याय्य ठरतो. मूळ प्रश्न तसाच शिल्लक. उद्या दुसऱ्या कुणावर अशी पाळी आली तर 'माझाही वापर न्याय्य' हे त्याला आपल्या खर्चाने सिद्ध करावं लागेल. गूगलजवळ दहा वर्षं वकील पोसायला पैसा होता. कोथरूडच्या पंधरा माणसांजवळ तो कुठून येणार?

बरं, ओरॅकल या खटल्यात हरली म्हणून जावा वापरणाऱ्यांची चिंता मिटली असंही नाही. २०१९ च्या एप्रिलपासून ओरॅकलने आपल्या जावा ८ च्या नव्या सुधारणांसाठी धंदेवाईक वापरावर पैसे लावले. २०२३ च्या जानेवारीत तर दर बदलून माणशी केला. माणशी म्हणजे जावा वापरणाऱ्या माणशी नव्हे, कंपनीतल्या एकूण माणशी! हजाराच्या आत माणसं असतील तर दरडोई महिना १५ डॉलर. म्हणजे दोनशे माणसांच्या कंपनीत ओरॅकलची ही जावा दोघंच वापरत असले, तरी छापील दराने वर्षाचं बिल ३६,००० डॉलर. अर्धवेळवाले, कंत्राटी, सगळे मोजायचे. आमच्या शाळेत पेटी एकच होती आणि वाजवायच्या फक्त संगीताच्या बाई. तिचं भाडं हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर लावलं असतं, तर जसं झालं असतं तसं हे.

मी लेकीला घाबरून विचारलं, "मग तुमच्या ऑफिसचं काय?" ती म्हणाली, "काही नाही. आम्ही ओपन-जेडीके वापरतो." आणि इथेच या गोष्टीतली पावती सापडते. ओरॅकलला विकली जाण्याआधी, २००६-०७ साली सनने जावाचा मूळ प्रोग्रॅम 'जीपीएल' या मुक्त परवान्याखाली खुला केला. तोंडी नाही, लेखी. आणि दिलेला परवाना नव्या मालकालाही मागे घेता येणार नाही असा. म्हणून आज ओरॅकलला पैसे न देताही जावा रीतसर वापरता येते. अॅमेझॉनसारख्या कंपन्या ती स्वतः बांधून फुकट वाटतात. खटला चालू असतानाच गूगलनेही अँड्रॉइडसाठी त्याच खुल्या जावाकडे वळायचं ठरवलं. एकाच कंपनीने एका हाताने ब्लॉगवर शुभेच्छा दिल्या आणि दुसऱ्या हाताने परवाना लिहून दिला. नव्या मालकापुढे टिकला तो परवाना.

आणि उलटंही घडतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्लॅटफॉर्मची मुक्त नक्कल 'मोनो' या नावाने २००१ पासून होत होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी २००९ साली बजावलं, की त्यावर विसंबू नका, उद्या मायक्रोसॉफ्ट पेटंटचा बडगा उगारील. भीती खोटी नव्हती. पण त्याच कंपनीने आधी काही भागापुरतं वचन लिहून दिलं, मग २०१४ पासून डॉटनेटचा गाभाच खुला केला, आणि २०१६ साली मोनोही आणखी मोकळ्या परवान्यावर आणलं. म्हणजे ज्याची धास्ती होती त्याने लिहून दिलं, आणि ज्याच्यावर जीव होता त्याचं घर विकलं गेलं. मालक चांगला की वाईट यावर चर्चा करत बसण्यात अर्थ नाही. कागदावर काय आहे?

माझा नातू इंजिनिअरिंगला आहे आणि फावल्या वेळात संगणकावरचे खेळ बनवतो. त्यानेही आपली भर घातली. खेळ बनवायचा युनिटी नावाचा प्लॅटफॉर्म आहे. त्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, की पुढच्या जानेवारीपासून ठरावीक मर्यादेपुढे गेलेला खेळ जितक्या वेळा उतरवून घेतला जाईल तितक्या वेळा आम्हाला पैसे. आणि हे आधीच बाजारात असलेल्या खेळांनाही लागू! जगभर असा गदारोळ झाला, की दहा दिवसांत अटी सौम्य कराव्या लागल्या, पुढच्या महिन्यात प्रमुखांना जावं लागलं, आणि वर्षभराने ती आकारणी पार रद्द झाली. नातू म्हणाला, "आजी, जिंकलो आम्ही." मी म्हटलं, "जिंकलात, पण आरडाओरडा करून जिंकलात. कागदाच्या जोरावर नव्हे. सात पतसंस्थांसाठी आरडाओरडा कोण करणार होतं?"

तर पुन्हा भाच्याकडे येते. एक दिवस मी त्याला म्हटलं, तो करार छापून आण. तेवीस पानं इंग्रजी. माझं इंग्रजी बेताचंच, बीए मराठी माध्यमातून केलेलं. पण वाक्याचं पृथक्करण करण्यात माझा जन्म गेला. कर्ता कोण, क्रियापद कोणतं? आम्ही दोघं डिक्शनरी आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसलो. जिथे 'शॅल' असेल तिथे कुणालातरी ते करावंच लागणार; जिथे 'मे' असेल तिथे ज्याची त्याची मर्जी. भाच्यावर सक्ती असेल ते लाल, कंपनीवर सक्ती असेल ते निळं. तेवीस पानांत निळं वाक्य निघालं अवघं एक : पैसे भरल्यास पावती ईमेलने पाठवू. बाकी सगळ्या कंपनीच्या मर्ज्या.

त्यातल्या चार लिहून ठेवते. अटी केव्हाही बदलता येतील, आणि बदलानंतर वापर चालू ठेवलात तर संमती धरली जाईल. तुमच्या नोंदी आम्ही केव्हाही तपासू. तंटा झाला तर आमच्या गावच्या कोर्टात. आणि नुकसानभरपाई मिळेल ती जास्तीत जास्त तुम्ही गेल्या बारा महिन्यांत आम्हाला दिलेल्या रकमेइतकी. आता भाचा तर फुकट वापरत होता. म्हणजे भरपाई किती? शून्य! तो बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फुकटचं किती महाग पडलं, मावशी."

आपल्याकडचा कायदाही मी थोडा चाळला. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम ही वाङ्मयीन कृती धरतात, म्हणजे कवितासंग्रहाच्या पंगतीला हिशेबाचं सॉफ्टवेअर! पण कलम ५२ मध्ये काही सुटी आहेत. रीतसर मिळालेल्या प्रोग्रॅमशी आपला स्वतंत्र प्रोग्रॅम जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढणं, ती सहज उपलब्ध नसेल तर, हा गुन्हा नाही. युरोपच्या न्यायालयानेही २०१२ साली ठरवलं, की प्रोग्रॅम जे काम करतो त्यावर आणि ज्या भाषेत तो लिहिला आहे त्या भाषेवर प्रताधिकार नसतो. हे वाचून धीर येतो. पण वाड्यातल्या भाडेकरूच्या पाठीशी निदान भाडे-नियंत्रण कायदा होता. मालकाला मनाला येईल तसं भाडं वाढवता येत नव्हतं. प्लॅटफॉर्मवरच्या भाडेकरूला तसलं छत्र नाही. त्याचा कायदा म्हणजे त्याने न वाचता 'मान्य' म्हणून टिचकी मारलेला करार.

भाच्याने मग सगळं खुल्या परवान्याच्या प्लॅटफॉर्मवर नव्याने लिहायला घेतलं. चौदा महिने लागले. दोन चांगली मुलं मध्येच सोडून गेली. या वेळी मी त्याला तीन गोष्टी करायला लावल्या. परवान्याची प्रत तारीख घालून, छापून फायलीत ठेवायची, कारण संकेतस्थळावरचा मजकूर बदलतो. तो परवाना मागे घेता येतो का, हे वकिलाकडून लिहून घ्यायचं. मित्राकडून ऐकायचं नाही. आणि पतसंस्थांचा हिशेब असा ठेवायचा, की उद्या हाही प्लॅटफॉर्म सोडावा लागला तर आकडे बाहेर काढता यावेत. तिसरी गोष्ट त्याला जास्त खर्चाची पडली, कुरकुरला, पण केली.

त्यात एक विचार मात्र त्याला स्वतःलाच सुचला. पतसंस्थांशी त्याचे जे करार होते त्यांतही एक कलम होतं : 'आम्ही केव्हाही अटी बदलू शकतो.' कुठल्यातरी छापील नमुन्यातून आलेलं. परदेशी कंपनी त्याची मालक, तसा या लहान संस्थांचा मालक तो! त्याने ते कलम काढून टाकलं, आणि उद्या कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तरी तुमचा सगळा हिशेब तुमच्या हाती देऊ, असं लिहून दिलं. वकील म्हणाला, एवढं कुणी लिहून देत नाही. भाचा म्हणाला, मी देतो.

असो. नवं सॉफ्टवेअर एप्रिलपासून चालू झालं आहे. कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत. परवा एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. भाचा एकदम उठून उभा राहिला, काय बिघडलं म्हणून. ते म्हणत होते, "बाकी सगळं झ्याक आहे साहेब, पण जुन्या पासबुकाचा टाइप जरा मोठा होता. म्हाताऱ्या माणसांना हा दिसत नाही." त्याच संध्याकाळी टाइप मोठा करून झाला. कुणाची परवानगी काढावी लागली नाही.